हूं की चूं न करणारी पेशंट

इंजेक्शन देताना जिचा हात जराही थरथरत नाही, अशी सिस्टर तुम्ही पाहिली असेलच. स्पिरिटचा बोळा फिरतो, सुई कधी आत गेली नि कधी बाहेर आली ते कळतही नाही, आणि "झालं, दाबून धरा" म्हणत ती पुढच्या खाटेकडे वळलेलीही असते. आता एक वेडा प्रश्न. या सिस्टरने आयुष्यातलं पहिलं इंजेक्शन कोणाला दिलं असेल?

कोणाला तरी दिलंच असणार! जुन्या सिस्टर हसून सांगतील, "संत्र्याला." सालीतून सुई शिरताना हाताला काय जाणवतं याचा अंदाज संत्र्यावर येतो, म्हणून तिथे हात बसवायची जुनी पद्धत. पण संत्र्याला नाडी नसते. ते घाबरत नाही, त्याला रात्री दोन वाजता धाप लागत नाही. मग ते सगळं शिकायचं कुठे? जिवंत माणसावर? म्हणजे माझ्यावर आणि तुमच्यावर?

या पेचातून सुटायची वाट एका सुइणीने कापड आणि सुईदोऱ्याने शोधली. 1759 साली फ्रान्सच्या राजाने, पंधराव्या लुईने, आंजेलिक द्यू कुद्रे नावाच्या बाईंवर एक कामगिरी सोपवली: देशभर फिरून खेड्यातल्या बायकांना बाळंतपण करायला शिकवायचं. समोर बसणाऱ्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्यात शिकवायचं तेही डोळ्यांना न दिसणारं, कारण पोटातलं मूल कसं वळलंय हे बोटांनीच ओळखावं लागतं. हे पुस्तकातून कसं सांगणार?

बाईंनी कापड, चामडं आणि कापूस घेऊन बाईच्या कमरेचा अख्खा भाग शिवून काढला आणि त्याला नाव दिलं 'यंत्र'. दोऱ्या आणि पट्टे ओढले की बाळाची वाट ताणली जायची. आतलं बाळही कापडी, पण कसं? नाक शिवलेलं, कान शिवलेले आणि तोंड उघडं, आत जिभेसकट. तोंड कशाला उघडं? पायाळू बाळाचं डोकं अडकलं, तर सुईण त्याच्या तोंडात बोट घालून ते सोडवते. त्या बोटाचासुद्धा सराव व्हायला हवा होता! यातलं एक यंत्र आजही रुआँ शहरातल्या संग्रहालयात आहे. त्याचा एक्स-रे काढला, तेव्हा कापडाच्या आत बाईच्या कमरेची खरीखुरी हाडं दिसली. कापसाला हाडाचा कडकपणा येत नाही, हे शिवणारीला पक्कं ठाऊक होतं. पंचवीसएक वर्षांच्या भटकंतीत चार-पाच हजार बायका तिच्या हाताखालून शिकून गेल्या.

मग जवळपास दीडशे वर्षांनी, अमेरिकेत. हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेच्या मुख्याध्यापिका लॉडर सदरलँड गवत भरलेल्या बुजगावण्यावर मुलींना शिकवून वैतागल्या होत्या. त्यांनी मार्था चेस या बाहुल्या करणाऱ्या बाईंना गळ घातली: मला माणसाएवढी बाहुली करून द्या. 1911 मध्ये ती आली. उंची 5 फूट 4 इंच. खांदे, कोपरं, कंबर, गुडघे सगळं वळणारं. अंगावर तैलरंगाचा लेप, म्हणजे खाटेवरच स्पंजने अंग पुसून द्यायचा सराव करता यावा. पुढे तिच्या दंडात इंजेक्शनची जागा आली आणि पोटात चक्क पाण्याची टाकी बसली, म्हणजे एनिमासुद्धा शिकता आला. विद्यार्थिनी तिला आदराने 'मिसेस चेस' म्हणत. दिवसातून चाळीस वेळा कुशीवर वळवा, कितीही टोचा, बाई हूं की चूं करत नव्हत्या.

काही गोष्टी तर जिवंत माणसावर शिकताच येत नाहीत. बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालवायचं असतं, तेव्हा धडधाकट माणसाच्या छातीवर तेवढा जोर देऊन बघा! बरगडी मोडेल. इथे मदतीला आले नॉर्वेचे खेळणीवाले, आस्मुंड लारडाल. मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या आणि मोटारी बनवणारा हा माणूस. स्वतःच्या लहानग्या मुलाला त्यांनी बुडताना वाचवलं होतं. 1960 मध्ये त्यांनी 'ॲन' बनवली. छाती पुरेशी खोल दाबली की ती 'टिक' असा आवाज करते. तिचा चेहरा एका मुखवट्यावरून घेतलाय. पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या कोण्या अनोळखी मुलीचा तो मुखवटा, अशी आख्यायिका आहे. जगभरातल्या लाखो लोकांनी त्या ओठांवर श्वास फुंकायचा सराव केला.

आणि आजची बाहुली? तिची छाती श्वासागणिक वर-खाली होते. मनगटाला, मानेला, पायाला नाडी लागते. डोळ्यांवर टॉर्च मारला की बाहुल्या आकसतात (बाहुलीच्या डोळ्यातल्या बाहुल्या, मराठीची गंमत). घाम येतो, ओठ निळे पडतात. काहींना तर सिरिंजमधून कोणतं औषध, किती गेलं हेही कळतं, आणि बीपी त्याप्रमाणे हलतं. काचेपलीकडे बसलेली ट्यूटर माइकवरून बोलते आणि बाहुली कण्हते, "सिस्टर, मला कसंतरीच होतंय."

यंत्राचं कौतुक इथेच पुरे, कारण खरी जादू पुढे आहे. समजा आज या बाहुलीचं नाव सुनीता, वय 28, काल सिझेरियन झालंय. विद्यार्थिनी येते, सलाईन बघते, बीपी घेते: 118/76. छान! ती औषधांच्या ट्रेकडे वळते. मध्यंतरी सुनीताचे श्वास मिनिटाला 18 वरून 24 झालेत. नाडी 92 वरून 118. बीपी मात्र जागच्या जागी. मुलगी निर्धास्त. थोड्या वेळाने श्वास 30 आणि मग बीपी एकदम कोसळतं. काय झालं? सुनीताला पोटात रक्तस्राव होत होता.

शरीर किती बेमालूम लपवाछपवी करतं बघा. रक्त कमी पडू लागलं की हृदय वेग वाढवतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि बीपीचा आकडा टिकून राहतो. घरात पैसा संपत आलेला, पण दारात रांगोळी रोजच्यासारखी, तसं. तरुण माणसाचं जवळजवळ तीस टक्के रक्त जाईपर्यंत बीपी ठीक दिसू शकतं! आधी बोलतात ते श्वास आणि नाडी. नेमके श्वास मोजायचाच कंटाळा केला जातो. हा प्रसंग खऱ्या वॉर्डात तीन वर्षांत एकदाही विद्यार्थिनीच्या वाट्याला येणार नाही कदाचित, आणि आलाच तर तिला बाजूला सारून सीनियर धावतील, ते योग्यच. बाहुलीवर मात्र तो मंगळवारी अकरा वाजता, ठरवून, दहा मिनिटांत घडतो.

मग बाहुलीवर हात मारला की शिक्षण झालं? इथे मी स्वतः चाट पडलो. 2011 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना हृदय निकामी होत चाललेल्या 'पेशंट'वर सराव दिला आणि लगेच परीक्षा घेतली. गुण वाढले? नाही, घटले! सरावानंतर पोरं जास्त गोंधळली होती. मग ट्यूटरबरोबर बसून झाल्या प्रकारावर गप्पा झाल्या, पुन्हा परीक्षा घेतली, आणि गुण झपकन वर गेले. शिकणं घडलं ते खाटेपाशी नव्हे, खुर्चीत बसून.

याला 'डीब्रीफिंग' म्हणतात. नाटकाच्या तालमीनंतर दिग्दर्शक सगळ्यांना गोल बसवून नोट्स देतो, तोच प्रकार. फरक एवढाच की इथे चांगली ट्यूटर नोट्स देतच नाही. ती विचारते, "बीपी घेतल्यावर तुझ्या मनात काय आलं?" मुलगी म्हणते, "वाटलं, आता काळजी नाही." बस्स! चूक हाताची नव्हती, एका समजुतीची होती, आणि ती तिच्याच तोंडून बाहेर पडली. "तुला साधं श्वास मोजायला काय झालं होतं?" असं खेकसणाऱ्या ट्यूटरला ती समजूत कधीच दिसणार नाही. दहा मिनिटांच्या प्रसंगावर अर्धा-पाऊण तास बोलणं होतं, आणि माझ्या मते वेळ कमी पडला तर प्रसंग छाटावा, बोलणं नाही.

अशी तालीम, म्हणजे 'सिम्युलेशन', खऱ्या वॉर्डची जागा घेऊ शकते का? अमेरिकेत दहा नर्सिंग कॉलेजांनी हे पडताळून पाहिलं. 2014 मध्ये निकाल आला. काही विद्यार्थ्यांचे वॉर्डमधले निम्मे तास काढून तिथे सिम्युलेशन दिलं होतं. ज्ञानात, कौशल्यात, परवान्याच्या परीक्षेत ते कुठेच मागे पडले नाहीत. नोकरीला लागल्यावर सहा महिन्यांनीही त्यांच्या वरिष्ठांना फरक जाणवला नाही. निम्मे तास! अट एकच, शिकवणारे तयारीचे हवेत. भारतातही इंडियन नर्सिंग कौन्सिलने 2021 च्या बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रमात सिम्युलेशनला जागा दिली आहे. महागडी बाहुली आणून स्किल लॅबमध्ये प्लॅस्टिकखाली झाकून ठेवली, तर ती शोकेसमधला टी-सेटच होईल, एवढं मात्र लक्षात ठेवायला हवं.

आणि लाखोंची बाहुली नसली तरी अडत नाही. 'मामानॅटली' नावाचा एक संच आहे, तो ट्यूटर स्वतःच्या पोटावर बांधते. आत बाळ, वार, नाळ आणि लाल पाण्याची पिशवी. ती स्वतःच कळा देते, स्वतःच बाळ पुढे सरकवते, हळूच खटका फिरवून रक्तस्राव सुरू करते, आणि विद्यार्थिनीचा हात धरून विचारते, "सिस्टर, माझं बाळ रडत का नाही?" द्यू कुद्रे बाईंना हे बघून अजिबात नवल वाटलं नसतं.

आता थोडं तुमच्याकडून. कधी एखादी शिकाऊ सिस्टर तुमचं मनगट धरून मिनिटभर गप्प उभी राहिली, तर ओळखा: नाडी बहुधा मोजून झालीय, आता ती तुमचे श्वास मोजतेय. सांगून मोजले तर माणूस नकळत श्वास बदलतो, म्हणून ही चोरी. तेवढं एक मिनिट तिच्याशी बोलू नका.