सहल ठरवताना: भिगवणची होडी की सुप्याचा चिंकारा?

बायांनो, संक्रांतीचं हळदीकुंकू उरकलं की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. हप्ते झाले, सह्या झाल्या, की कुणीतरी म्हणतं, "यंदा सहल काढायची का नाही?" मग अर्ध्या जणी म्हणतात भिगवणला होडीत बसू, अर्ध्या म्हणतात सुप्याला हरणं बघू, येताना मोरगावचं दर्शनही होईल. आमच्या गटात तर मागच्या वेळी हात वर करून मतं घेतली, होडी जिंकली आणि चार जणी घरीच राहिल्या. एकीला पाण्याची भीती, दोघींचे गुडघे, एकीचं बाळ अंगावरचं. त्या बैठकीत एक शब्द बोलल्या नव्हत्या. म्हणून यंदा हे जरा सविस्तर लिहिते.

आधी भिगवणचं. उजनी धरण भरलं की भीमेचं पाणी मागे इंदापूर, दौंड, करमाळ्यापर्यंत पसरतं. पावसाळा संपताना हे पाणी खोल असतं. पुढे कालव्याला, शेतीला पाणी सुटतं तसं ते ओसरतं आणि काठाला उथळ चिखल उघडा पडतो. रोहित पक्षी, ज्याला आपण फ्लेमिंगो म्हणतो, त्याला हाच चिखल लागतो. तो चोच उलटी करून पाण्यात घालतो, चिखलपाणी आत ओढतो आणि बारीक जीव, शेवाळ गाळून खातो. त्याचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. पिल्लू जन्मतं तेव्हा राखाडी असतं. म्हणून दिवाळीनंतर लगेच गेलात तर पाणीच पाणी दिसेल. जानेवारी ते मार्च हा खरा काळ. चित्रबलाक, शेकाट्या, राखी बगळेही दिसतात.

होड्या गावातल्या मच्छीमारांच्या. पैसे बहुतेक ठिकाणी होडीमागे असतात, माणसामागे नाही, तेव्हा एका होडीत किती बसवणार हे फोनवरच विचारा. पैसे वाचवायला दोन होड्यांच्या बाया एकीत बसवू नका, अगदी नावाडी "बसा की" म्हणाला तरी.

हे मी का सांगते, ते इंदापूर-करमाळ्याकडच्या बायांना सांगायला नको. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ते सहलीला नव्हते, रोजच्यासारखे पलीकडे चालले होते. पाणी ओळखीचं असलं म्हणून वारा ओळखीचा होत नाही. तेव्हा होडी ठरवायची तर सकाळची. उजाडताना पाणी बहुधा शांत असतं, पक्षीही तेव्हाच जवळ असतात. दुपारनंतर वारा उठतो. आभाळ आलं, वारा सुटला, तर काठावर बसून मासे-भाकरी खायची आणि परत यायचं, पैसे गेले तरी.

आणि लाइफ जॅकेट. प्रत्येकीला एक, नुसतं होडीत पडलेलं नाही, अंगात घातलेलं, बंद आवळलेले. साडीवरून अवघडल्यासारखं होतं, फोटो चांगला येत नाही, हे सगळं खरं. पदर आधी कमरेला खोचा म्हणजे बंद नीट बसतात. ज्या होडीत पुरेशी जॅकेटं नाहीत त्या होडीत आपली एकही बाई चढणार नाही, हे निघायच्या आधीच ठरवा. काठावर उभं राहून भांडायला जमत नाही, तिथं सगळ्यांना घाई असते. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट चालत नाही, तो त्यातून निसटतो. मुलाच्या मापाचं नसेल तर मूल आणि त्याची आई काठावर.

अजून एक, जे बैठकीत कुणी बोलत नाही: लघवीचं. होडीत सोय नसते, म्हणून बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मग उन्हात चक्कर येते. जिथं जेवण सांगाल त्याच घरी आधी थांबा, संडास वापरू द्याल ना असं फोनवरच विचारा. यात लाज कसली, आपण जेवणाचे पैसे देतोय.

आता सुप्याचं. बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर अभयारण्य पाच चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे लहानच. पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला वळलं की सुपे आणि पुढे मोरगाव. इथं घनदाट जंगल शोधू नका; गवत, बोरी-बाभळी आणि माळ. राजा इथला चिंकारा. लहान चणीचा, तांबूस, मादीलाही बारीक शिंगं. पाला-गवतातल्या ओलाव्यावर तो बरेच दिवस काढू शकतो, म्हणून या कोरड्या माळावर टिकला. तो दिसतो सकाळी नाहीतर ऊन उतरल्यावर. दुपारी बाराला बस घेऊन पोचलात तर उन्हाशिवाय काही दिसणार नाही. आणि चाळीस जणी एकदम बोलायला लागलो तर तो अर्ध्या कोसावरून पळणार! दहा-दहाच्या टोळ्या करा, भडक साड्या नकोत, मोबाईलवरची गाणी तर नकोतच. सावली कमी, पाणी घरून न्या.

मला विचाराल तर? गटात सासवा-सुना, लेकुरवाळ्या, गुडघेवाल्या सगळ्या असतील तर सुपे-मोरगाव. पाय दुखले तर गाडीत बसता येतं, होडीतून मधेच उतरता येत नाही. शिवाय चढताना चिखलातून हलत्या होडीत पाय टाकावा लागतो, ते साठीच्या बाईला सोपं नाही. पण पंधरा-वीस धडधाकट बाया असतील, महिना फेब्रुवारीचा असेल, तर भिगवण सोडू नका. तो गुलाबी थवा उठताना पाहिला की माणूस गप्प होतं. वार मात्र बघा. सोमवार-गुरुवारी निम्म्या जणींचा उपास निघतो आणि माशाचं ताट तसंच राहतं.

पैशाचं थोडक्यात. फिरता निधी किंवा ग्रामसंघाकडून आलेला समुदाय गुंतवणूक निधी सहलीला लावायचा नाही, तो कर्जासाठीचा आहे. वर्गणी वेगळी काढा, वेगळ्या वहीत लिहा. महिन्याला थोडे थोडे आत्तापासून जमवलेत तर मजुरीवर जाणाऱ्या ताईलाही येता येईल.

यंदा हात वर करून मतं घेऊ नका. कोऱ्या चिठ्ठ्या द्या, प्रत्येकीनं लिहायचं: कुठं जायचं आणि तिला अडचण काय. जिला लिहिता येत नाही तिनं सचिवताईच्या कानात सांगायचं. आणि परत यायची वेळ ठरावात लिहून घरोघरी आधीच कळवा, म्हणजे संध्याकाळी सहापासून फोन सुरू होणार नाहीत.