बुऱ्हाणपूरची जामा मशीद कशी पाहावी

भुसावळहून खंडव्याकडे जाणारी गाडी रावेर सोडते आणि थोड्याच वेळात बुऱ्हाणपूर येतं. आज हे शहर मध्य प्रदेशात असलं, तरी जुन्या खानदेशची ती राजधानी होती. धुळे-जळगावच्या माणसाने आपला इतिहास शोधायचा तर इथे यायलाच हवं.

खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याची सुरुवात मात्र आपल्या थाळनेरची. 1370 मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला तापीकाठचा थाळनेर-करवंदचा मुलूख दिला. शिरपूर तालुक्यातल्या थाळनेर गावात सुरुवातीच्या फारुकी सुलतानांच्या कबरी आजही उभ्या आहेत. मलिक राजाचा मुलगा नासिर खान याने असीरगड घेतला, तापीवर नवं शहर वसवलं आणि खुलताबादचे सूफी बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव त्याला दिलं. जामा मशीद त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, राजा अली खान ऊर्फ आदिलशहा फारुकी याच्या कारकिर्दीत झाली.

अंगणात उभं राहिलं की पहिल्यांदा जाणवतं, ते इथे काय नाही ते. मोठा घुमट नाही, मधोमध उंच प्रवेशकमानही नाही. सलग 15 टोकदार कमानी आणि दोन टोकांना दोन उंच मिनार, बस्स. नमाजाचं दालन रुंदीला 15 आणि खोलीला 5 चौकांचं आहे. प्रत्येक चौकाचं छत चार आधारांवरच्या कमानींनी तोललेलं असल्यामुळे एका जागी प्रचंड भार येत नाही.

कमान वरचा भार खाली नेते, तशी ती बाजूलाही रेटते. रांगेत शेजारच्या दोन कमानींचे रेटे एकमेकांना थोपवतात. शेवटच्या कमानीला मात्र शेजारीण नसते, तिचा रेटा अडवायला टोकाशी काहीतरी जड हवं. मिनारांचे भरभक्कम बुंधे नेमके तिथेच आहेत. शोभा आणि आधार असं दुहेरी काम ते करतात, आणि म्हणूनच ही साधी दर्शनी बाजू मला घुमटांच्या गर्दीपेक्षा सरस वाटते.

आत पश्चिमेच्या भिंतीत कोरीव मिहराब आहेत. नक्षी निवांत पाहावी, पण खरा ठेवा आहे तो शिलालेखांचा. अरबी लेखाबरोबर इथे नागरी लिपीतला संस्कृत लेखही आहे. त्यात आधी सृष्टिकर्त्याला नमन आहे. तो अव्यक्त, सर्वव्यापी आणि गुणातीत असल्याचं म्हटलं आहे. ही वर्णनं मुसलमानाला खटकत नाहीत आणि वेदान्त्यालाही आपलीच वाटतात. पुढे फारुकींची वंशावळ येते आणि मग मशिदीची तिथी, तीही पंचांगाच्या रीतीने: विक्रम संवत 1646, शके 1511, पौष शुद्ध दशमी, सोमवार.

हे गणित घरीही करता येतं. शकात एरवी 78 मिळवतात, पण पौषाची ही तिथी जानेवारीत पडते, म्हणून 79 मिळवायचे. 1511 अधिक 79 म्हणजे 1590. तारीख येते 5 जानेवारी, आणि जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेनुसार त्या दिवशी वारही सोमवारच होता. असीरगडाच्या मशिदीतही याच राजाचा संस्कृत लेख आहे. त्यामुळे बुऱ्हाणपूरचा लेख हा कुणा कारागिराची एकवेळची हौस नव्हता, राजाने जाणूनबुजून केलेलं काम होतं, असं मी मानतो.

1597 मध्ये राजा अली खान मोगलांच्या बाजूने दख्खनी सुलतानांच्या फौजांशी लढताना गोदावरीकाठी पडला. चारच वर्षांत, 1601 मध्ये, असीरगड अकबराच्या हाती गेला. त्या विजयाचा फारसी लेखही याच मशिदीत कोरलेला आहे.

पाहायला जायचं तर सकाळी जा. मशिदीचं तोंड पूर्वेला असल्याने तेव्हा ऊन कमानींतून आत येतं. नमाजाची वेळ, विशेषतः शुक्रवारची दुपार, टाळा. इथे आजही नमाज होते. आणि परतल्यावर एखाद्या दिवशी थाळनेरलाही जाऊन या.