मोक्षपटापासून ‘मुसाफिर’पर्यंत

गेम बनवायला शिकायचंय, आधी काय वाचू? नेवाशात ज्ञानेश्वरांचा पैस खांब पाहायला आलेल्या एका कॉलेजच्या मुलाने मामाला विचारलं. मामा नगरचा प्रोग्रॅमर. त्याने थेट मोक्षपट या जुन्या खेळाचं नाव घेतलं.

परंपरा म्हणते, हा पट ज्ञानेश्वरांनी रचला. ठोस पुरावा नाही, पण रचना अफलातून! शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, वर मोक्ष. दान कवड्यांचं, खेळाडूच्या हाती काहीच नाही. म्हणजे कर्माचा सिद्धांत नियमांतच मुरलेला. एकोणिसाव्या शतकाअखेर इंग्लंडमध्ये याच घराण्यातली सापशिडी विकली जाऊ लागली. डॅनिश संशोधक जेकब श्मिट-मॅडसन यांनी या खेळांवर प्रबंध लिहिलाय.

त्यानंतर वाचायचं पुस्तक म्हणजे जेसी शेल यांचं ‘द आर्ट ऑफ गेम डिझाइन’.

सॉफ्टवेअरसाठी फ्रेड ब्रुक्स यांचं ‘द मिथिकल मॅन-मंथ’, १९७५ चं. रखडलेल्या प्रकल्पावर माणसं वाढवली की तो आणखी रखडतो, हे त्यांनी आयबीएमच्या अनुभवावरून मांडलं. मॅनेजर मंडळींना अजून पटलेलं दिसत नाही!

आयटीतलं जग मराठीत वाचायचं तर अच्युत गोडबोले यांचं ‘मुसाफिर’: सोलापूर, आयआयटी, मग मोठ्या कंपन्यांची सूत्रं असा त्यांचा प्रवास.