कानोसा घेणारा रणगाडा

टेकडीपलीकडे शत्रू आहे, एवढंच ठाऊक आहे. त्याच्या तोफा किती, नदीवरचा पूल शाबूत आहे की उडवलाय, काही कळत नाही. अशा वेळी कुणीतरी पुढे जायचं, गुपचूप सगळं बघायचं आणि मागच्यांना कळवायचं. हीच टेहळणी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने या कामासाठी खास एक छोटा रणगाडा बनवला. त्याचं नाव लुक्स. जर्मन लोक लिंक्स या तीक्ष्ण नजरेच्या रानमांजराला लुक्स म्हणतात. हे मांजर आपल्याकडे लडाखमध्येही आढळतं.

लुक्सच्या घराण्याची सुरुवात मोठी गमतीची आहे. पहिलं महायुद्ध हरल्यावर, १९१९च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला रणगाडे बनवायला बंदी झाली होती. म्हणून १९३०नंतर जेव्हा लुक्सचा पूर्वज असलेल्या 'पान्झर दोन' या हलक्या रणगाड्याचं काम सुरू झालं, तेव्हा कागदोपत्री त्याला चक्क शेतीचा ट्रॅक्टर म्हटलं गेलं! त्या रणगाड्याच्या फिरत्या बुरुजात एकटा माणूस बसायचा. हुकूम त्यानेच द्यायचे, नेम त्यानेच धरायचा, तोफही त्यानेच डागायची. मग आजूबाजूला बघणार कधी?

लुक्समध्ये ही अडचण सोडवली. बुरुजात दोघे: एक प्रमुख, एक तोफ चालवणारा. खाली चालक आणि रेडिओवाला. प्रमुखाचं मुख्य काम बघणं.

आता खरा प्रश्न वजनाचा. चिलखत जाड करावं तर रणगाडा जड होतो, जड झाला की मंदावतो. लुक्स बनवणाऱ्यांनी वेगाची बाजू घेतली. त्याचं पुढचं चिलखत फक्त ३० मिलिमीटर, तर प्रसिद्ध टायगर रणगाड्याचं १०० मिलिमीटर! लुक्सचं वजन सुमारे १२ टन आणि इंजिन १८० अश्वशक्तीचं. भागाकार करा बरं. प्रत्येक टनाला १५ अश्वशक्ती. ५७ टनांच्या टायगरला ७०० अश्वशक्तीचं इंजिन असूनही टनामागे बाराच्या आसपासच मिळायची. म्हणून लुक्स रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर धावायचा.

आणि त्याची चाकं! मला लुक्समध्ये सगळ्यात आवडतात ती चाकंच. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून बघा. तशी ही मोठमोठी चाकं एकमेकांत सरकवून बसवली होती. त्यामुळे कमी जागेत जास्त चाकं मावली आणि भार साखळीपट्ट्यावर सारखा पसरला. प्रत्येक चाक एका दांड्याला जोडलेलं, आणि तो दांडा रणगाड्याच्या तळातून आडव्या गेलेल्या पोलादी सळईला. चाक दगडावर चढलं की सळई पिळली जायची आणि पुन्हा उलगडताना चाकाला खाली दाबायची. पोलाद पिळलं की परत मूळ आकारात येऊ पाहतं, या साध्या गुणावर सगळी मदार!

पण रशियातल्या हिवाळ्यात अशा गुंतलेल्या चाकांमध्ये चिखल अडकून रात्रीत गोठायचा. आतलं एक चाक बदलायचं तर आधी बाहेरची काढावी लागायची. दुरुस्ती करणारे वैतागत असणारच.

लुक्सची तोफ फक्त २० मिलिमीटरची. ती शत्रूच्या जाड रणगाड्यापुढे निरुपयोगीच होती. त्याचं खरं हत्यार होतं रेडिओ. पाहिलेली बातमी वेळेत पोचली नाही, तर पुढे जाण्याचा धोका पत्करून काय उपयोग?

एक गोष्ट मात्र विसरू नका. हा रणगाडा हिटलरच्या सैन्याचा होता आणि त्याने सुरू केलेल्या युद्धात कोट्यवधी माणसं मेली. यंत्र अभ्यासण्यासारखं आहे, पण ते ज्यासाठी वापरलं गेलं ते काम भयंकर होतं.

लुक्सचं उत्पादन सुरू झालं १९४३मध्ये आणि १९४४च्या सुरुवातीलाच थांबलं. मागणी कितीतरी जास्त होती, पण बनले जेमतेम शंभर. तोवर चाकांवर धावणाऱ्या चिलखती मोटारी टेहळणीचं काम कमी खर्चात करू लागल्या होत्या. आज लुक्स बघायचा तर इंग्लंडमधल्या बॉव्हिंग्टनच्या किंवा फ्रान्समधल्या सोम्यूरच्या रणगाडा संग्रहालयात जावं लागतं. कधी गेलात, तर तोफेकडे नंतर बघा. आधी खाली वाकून ती गुंतलेली चाकं मोजा.