प्रातःप्रार्थना आणि प्रवास : यहुदी धर्मशास्त्रातील एक क्रमविपर्यय

कोकणातील बेने इस्राएल लोक शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. या मराठीभाषी यहुदी समाजाचा हिब्रू ग्रंथांशी असलेला संबंध दीर्घ काळ तुटला होता. तरी ‘शेमा’ हे एक हिब्रू वचन त्याच्या मुखी टिकून राहिले. नित्यप्रार्थनेच्या एवढ्या मोठ्या विस्तारातून नेमके हेच का उरावे? प्रवाशासंबंधीच्या नियमांवरून या प्रश्नावर काहीसा प्रकाश पडतो.

यहुदी प्रातःप्रार्थनेची मुख्य अंगे दोन. पहिले ‘शेमा’, म्हणजे ईश्वराच्या एकत्वाचा उच्चार. दुसरे ‘तेफिला’, म्हणजे उभे राहून करावयाची याचना. तेफिलेला ‘अठरा आशीर्वचने’ असेही नाव आहे. मात्र प्रत्यक्षात ती आज एकोणीस आहेत. शेमा दिवसाच्या तिसऱ्या प्रहरकाच्या आत म्हणावा, तेफिला चौथ्याच्या आत. प्रहरक म्हणजे दिनमानाचा बारावा भाग. अर्थात तो ऋतूप्रमाणे लांबतो वा आखूड होतो. प्रथम शेमा, त्यानंतर मिसर देशातील दास्यातून झालेल्या सुटकेचे स्तवन आणि त्याला लागूनच तेफिला, असा क्रम आहे.

तेफिलेपूर्वी स्वतःच्या कामास लागणे वा वाटेला लागणे निषिद्ध होय, असे तालमूद सांगतो. योसेफ कारो यांच्या १५६५ साली मुद्रित झालेल्या ‘शुल्हान आरूख’ या संहितेतही हा निषेध आहे. परंतु पहाटेच निघणे ज्याला भाग आहे, त्याने काय करावे? शेमाची वेळ झालेली नाही. वेळेची वाट पाहावी तर सोबत चुकते. आणि वाटेत तेफिला म्हणावी तर स्थिर उभे राहणे साधत नाही.

येथे शास्त्रकारांनी क्रमच उलटविला. शमुएलाचे वडील आणि लेवी हे प्रवासास निघण्यापूर्वी तेफिला आधी उरकीत आणि वेळ होताच शेमा म्हणत, असे तालमुदात नमूद आहे. कारो यांनी हाच मार्ग स्वीकारला. दोन अंगांची सलगता तुटली तरी चालेल. परंतु तेफिला घरीच उभ्याने व्हावी, हा त्यामागील विचार आहे. तेफिला देहाच्या स्थितीशी बांधलेली आहे, तर शेमा काळाशी. चालणाऱ्याने शेमाच्या पहिल्या वचनापुरते थांबावे. पुढचा भाग चालत म्हटला तरी चालतो. झाडावर काम करणाऱ्या कारागिराला तेथूनच शेमा म्हणण्याची मुभा इसवी सनाच्या सुमारे २०० मधील मिश्ना देते. तेफिलेची मात्र देत नाही. अर्थात सवलत तेफिलेलाही आहे. गाढवावर बसलेल्याला उतरता येत नसेल, तर त्याने यरुशलेमच्या दिशेला तोंड करावे. तेही न जमल्यास मन तरी तिकडे वळवावे.

वाटेला लागल्यावर म्हणावयाची प्रार्थना निराळी आहे. तिचे मूळ रूप एकवचनी होते. प्रवाशाने स्वतःला समाजात सामील करावे, म्हणून ‘मला’ऐवजी ‘आम्हांला’ म्हणावे, असे अबाये या आचार्याने सुचविले. हिब्रूत प्रथमपुरुषी अनेकवचन एकच. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा भेद आहे. हे बोल ईश्वराला उद्देशून असल्याने मराठीत ‘आम्ही’च योग्य ठरते. ते एकट्या वाटसरूला सर्व वाटसरूंत सामावून घेते, पण ज्याच्याकडे याचना करावयाची त्याला त्यांपासून वेगळे ठेवते.

शेमाच्या मूळ पाठातच घरी बसता आणि वाटेने चालता या शब्दांचा उच्चार करण्याची आज्ञा आहे. तेफिलेला लांब पाठाचे स्मरण हवे, स्थैर्य हवे. शेमाच्या पहिल्या वचनाला सहा हिब्रू शब्द पुरतात. १७९६ साली मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले आणि पुढे एकोणिसाव्या शतकात योसेफ यहेज्केल राजपुरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. तोपर्यंत ग्रंथ आणि आचार्य यांवाचून जे अंग पिढ्यान्‌पिढ्या सोबत नेणे शक्य होते, ते हेच. हे एकमेव कारण म्हणता येणार नाही. परंतु प्रवाशासाठी शास्त्राने ज्याला मोकळीक दिली, तेच दीर्घ प्रवासात टिकले, ही संगती दुर्लक्षणीय नाही.