लेबल म्हणजे कप्पा नव्हे

सॉफ्टवेअर प्रकल्पातल्या चुका, मागण्या आणि कामे जिथे नोंदवतात, त्याला इश्यू ट्रॅकर (कामांची सामाईक नोंदवही) म्हणतात. नोंदीचे स्वरूप सांगणारी छोटी खूण म्हणजे लेबल. गिटहब या सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या संकेतस्थळावर नवा प्रकल्प उघडला, की ‘बग’ (चूक), ‘एनहान्समेंट’ (सुधारणा), ‘गुड फर्स्ट इश्यू’ (नवख्याला झेपेल असे काम) अशी काही लेबले आयतीच मिळतात.

संगणकावरच्या फोल्डरची सवय असल्याने, एका नोंदीला एकच लेबल लावायचे असते, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात तसे बंधन नाही. नरडाण्याहून रेल्वेने सुरतेला काचसामानाचे खोके पाठवताना त्यावर ‘सुरत’ही लिहितात आणि ‘काच, जपून’ही. तसेच ‘जोडाक्षरे छापताना तुटतात’ या नोंदीला ‘बग’, ‘मराठी’ आणि ‘छपाई’ ही तिन्ही लेबले लागू शकतात. पुढे शोधताना ‘बग’ आणि ‘मराठी’ निवडले, की दोन्ही लेबले असलेल्या नोंदीच समोर येतात.

दुसरा गैरसमज असा, की ‘डुप्लिकेट’ (आधीच नोंदलेले) हे लेबल लावले म्हणजे काम मिटले. गिटहबवर नुसत्या लेबलाने नोंद बंद होत नाही. ती वेगळी बंद करावी लागते.

लेबले मोजकी ठेवावीत. प्रत्येकाचा अर्थ एका ओळीत लिहावा. गिटहबवर त्यासाठी वर्णनाची जागा असते. नव्याने येणाऱ्या सहकाऱ्याला कोणते काम हाती घ्यावे, हे त्यावरूनच कळते.