बोंडअळीचा मुक्काम मोडायला हवा

बोंड वरून हिरवंगार, निरोगी दिसतं आणि आत अळी सरकी पोखरत असते. संग्रामपूर तालुक्यातल्या वरवट बकालसारख्या कपाशीच्या शिवारात गुलाबी बोंडअळीपुढे फवारणी वाया जाते ती यामुळेच. मादी पतंग रात्री पात्या, फुलं आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंडं जेमतेम अर्धा मिलिमीटरचं, मोतिया पांढरं. चार-पाच दिवसांत त्यातून अळी निघते आणि बघता बघता बोंडात शिरते. बोंड वाढताना ते छिद्रही बुजून जातं. सुरुवातीची पांढुरकी अळी आतच गुलाबी होते. औषध तिच्यापर्यंत पोचू शकतं ते अंड्यातून निघाल्यापासून बोंडात शिरेपर्यंत, तेवढ्याच वेळात. म्हणून डोमकळ्या, म्हणजे अळी लागून मिटलेली फुलं, तोडून नष्ट करणं आणि कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की लगेच उपाय करणं, याला पर्याय नाही.

पण अळीचं खरं मर्म हिवाळ्यात आहे. थंडी पडू लागली की बऱ्याच अळ्या कोषात न जाता सरकीत, सुकलेल्या बोंडांत सुप्त पडून राहतात आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन निघतात. हा मुक्काम मोडला तरच साखळी तुटते. बीटी बियाणं असताना हे कशाला, असं कुणी विचारेल. अळी मारणाऱ्या दोन विषांचं बीटी बियाणं, बोलगार्ड-२, २००६ मध्ये आलं. अळीने दोन्ही पचवली आणि २०१७ मध्ये विदर्भात कपाशीची धूळधाण झाली. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे : कोरडवाहू शेतकऱ्याने फरदडीचे, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी राखून मिळणारे, चार पैसे का सोडावेत? कारण त्या चार पैशांसाठी अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं आणि पुढच्या वर्षीचा कापूस कवडी होऊन हाती येतो. वेळेत पऱ्हाटी उपटून वावर मोकळं केलं, तिथे हरभरा घेतला, तर तोटा पुष्कळसा भरून निघतो. मात्र त्यासाठी पाणी हवं, हेही खरं. शिवाय पतंगाला बांध कळत नाही. एकाने वावर साफ केलं आणि शेजारी पऱ्हाट्यांचा ढीग तसाच राहिला, तर मेहनत फुकट. त्यामुळे हे ओझं एकट्या शेतकऱ्यावर टाकणं अन्यायाचं आहे. अख्ख्या शिवाराने एकाच वेळी कपाशी काढली पाहिजे आणि सरकीचे ढीग साठवणाऱ्या जिनिंगवाल्यांनीही आवारात सापळे लावले पाहिजेत.